फुली दाबली, विंडो गेली, पण प्रोग्राम गेला का?

माझ्याकडे एका पतसंस्थेचा प्रोग्राम सांभाळायला आहे. पायथनमध्ये लिहिलेला, वरचं सगळं, म्हणजे विंडो-बटणं, पायसाइडवर (विंडो बनवायची क्यूटी ६ ही लायब्ररी पायथनमधून वापरायची सोय), खाली डेटाबेस एसक्यूलाइट. फार मोठं काही नाही, पण एकाच वेळी चारपाच विंडो उघड्या असतात, कॅशियर काकांच्या स्क्रीनवर व्हाउचर एन्ट्री, तिच्यामागे खातेदाराचं लेजर, एक डे-बुक, एखादा रिपोर्ट, आणि मेन विंडो या सगळ्यांच्या खाली कुठेतरी दबलेली. संध्याकाळी कॅश टॅली झाली की काका मेनूतनं 'बाहेर पडा' दाबतात. आता इथे काय व्हायला पाहिजे हे कोणीही सांगेल, सगळ्या विंडो बंद व्हाव्यात, कुठे सेव्ह करायचं राहिलं असेल तर विचारावं, आणि प्रोग्राम संपावा. एवढंच. आणि या 'एवढंच'मध्ये जितक्या भानगडी आहेत तितक्या आख्ख्या व्याजाच्या हिशोबात नाहीत.

पहिली तक्रार जी आली ती अशी, "अहो, मी रद्द दाबलं ना, मग माझं लेजर कुठे गेलं?"

झालं असं होतं की तीन विंडो उघड्या, त्यातल्या व्हाउचरच्या विंडोत एक एन्ट्री अर्धी भरलेली. काकांनी 'बाहेर पडा' दाबलं, प्रोग्रामने विचारलं 'बदल सेव्ह करायचे का', तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की अरे, एक पावती राहिलीये, म्हणून त्यांनी 'रद्द' केलं. प्रोग्राम चालूच राहिला, बरोबर आहे. पण लेजर आणि डे-बुक तोपर्यंत बंद होऊन गेलेले. लेजरमध्ये त्यांनी तारखांचं फिल्टर लावून, खाली स्क्रोल करून एक एन्ट्री शोधून ठेवली होती, ती गेली. माणसाने 'नको' म्हटलं आणि प्रोग्रामने अर्धं काम करूनच टाकलं.

हा माझ्या प्रोग्रामचाच काही खास गुण नाही, क्यूटी मुळातच असं चालतं. 'क्लोज ऑल विंडोज' नावाचं तयार फंक्शन आहे त्यात, नावावरून वाटतं एकदम सगळं आवरून देईल, पण ते करतं काय तर उघड्या विंडो एकेक करून घेतं आणि प्रत्येकीला 'बंद हो' असं सांगतं. सांगतं म्हणजे हुकूम नाही, विनंती. विंडोकडे क्लोज इव्हेंट, म्हणजे बंद होण्याचा निरोप, येतो, ती तो अ‍ॅक्सेप्ट करू शकते किंवा इग्नोर करू शकते. जिने अ‍ॅक्सेप्ट केला ती तिथल्या तिथे बंद. पहिली जी नकार देईल तिथे सगळं थांबतं. पण आधी ज्या हो म्हणून गेल्या त्या गेल्या, त्यांना परत कोणी बोलवत नाही. त्यात कुठली विंडो आधी आणि कुठली नंतर या क्रमावरही भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, आज व्हाउचरला पहिलं विचारलं जाईल आणि सगळं सुरळीत दिसेल, उद्या शेवटी विचारलं जाईल आणि बोंब होईल.

त्यात अजून एक पोटभेद. क्यूटीत विंडो 'क्लोज' झाली म्हणजे डीफॉल्ट ती फक्त लपते, ऑब्जेक्ट मेमरीत तसाच असतो. मग लोक मेमरी वाचवायला 'डिलीट ऑन क्लोज' हा अ‍ॅट्रिब्यूट लावतात, मीही लावलेला, कारण दिवसभरात दोनशे लेजर उघडले आणि सगळे लपून बसले तर संध्याकाळपर्यंत मशीन रडायला लागतं. अ‍ॅट्रिब्यूट लावला की बंद म्हणजे खरंच बंद, परत आणायला काही शिल्लक नाही.

पंगतीचा नियम साधा असतो, आधी सगळ्यांकडे बघून घ्यायचं की जेवणं झाली का, आणि मगच पानं उचलायची. एकजण अजून ताकभात कालवतोय आणि शेजारच्याचं पान उचलून नेलं असं कोणी करत नाही. इथेही अगदी तेच पाहिजे, पहिल्या फेरीत फक्त विचारायचं, कोणालाही हात लावायचा नाही, सगळ्यांचा होकार आला की दुसऱ्या फेरीत बंद करायचं.

हे मी शोधलंय असं अजिबात नाही, विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः असंच वागते. मशीन शटडाउन करताना ती आधी सगळ्या प्रोग्रामना 'क्वेरी एंड सेशन'चा मेसेज पाठवते, म्हणजे 'सेशन संपवू का?', आणि त्याची उत्तरं आल्यावर 'एंड सेशन' हा दुसरा मेसेज, ज्यात खरंच संपतंय की कोणीतरी अडवल्यामुळे बेत रद्द झालाय हे लिहिलेलं असतं. म्हणजे पहिल्या मेसेजला नुसतं हो म्हणायचं, आवराआवर दुसऱ्याच्या वेळी. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये विंडो बनवायला विनफॉर्म्स आहे, तिथेही 'अ‍ॅप्लिकेशन डॉट एक्झिट' आधी प्रत्येक उघड्या फॉर्मला, म्हणजे विंडोला, 'फॉर्म क्लोजिंग' पाठवतं, त्यातल्या एकानेही कॅन्सल केलं तर काहीही न करता परत फिरतं, आणि सगळे तयार असतील तरच 'फॉर्म क्लोज्ड' आणि मग बंद. मॅकवर तर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट जास्त असतील तर आधी एकच प्रश्न येतो, इतकी डॉक्युमेंट सेव्ह केलेली नाहीत, एकेक बघायची का सरळ सोडून द्यायची. क्यूटीत मात्र हे आपलं आपण करावं लागतं.

मी केलं ते असं. प्रत्येक विंडोला एक छोटी मेथड दिली जी फक्त उत्तर देते, 'माझ्याकडे न सेव्ह केलेलं काही आहे का, असेल तर त्याला काय म्हणायचं', म्हणजे 'व्हाउचर, जमा, अर्धवट' असली एक ओळ. ही मेथड डायलॉग दाखवत नाही, काही बदलत नाही, नुसतं सांगते. 'बाहेर पडा' दाबलं की सगळ्या विंडोंकडून या ओळी गोळा करायच्या. एकही नसेल तर प्रश्नच नाही, सरळ बंद. असतील तर एकच डायलॉग, त्यात सगळ्यांची यादी, खाली तीन बटणं, सगळं सेव्ह करा, सोडून द्या, रद्द. आधी एकामागून एक तीन तीन डायलॉग यायचे आणि लोक तिसऱ्याला न वाचता एंटर मारायचे. आता एकच येतो, तो वाचतात.

होकार मिळाला की अ‍ॅप्लिकेशनवर एक फ्लॅग, म्हणजे खुणेची झेंडी, चढवायचा की 'आता खरंच निघालोय', आणि क्लोज इव्हेंटमध्ये पहिलं तो फ्लॅग बघायचा, तो वर असेल तर काही न विचारता अ‍ॅक्सेप्ट. नाहीतर होतं काय की यादीवर हो म्हटलेल्या माणसाला प्रत्येक विंडो परत तोच प्रश्न विचारते आणि तो वैतागतो. पण हा फ्लॅग चढवायचा कधी, हे बघून करायचं काम आहे. सेव्ह करताना काहीही फसू शकतं, डिस्क भरलेली असते, नेटवर्क ड्राइव्हची केबल कोणीतरी झाडू मारताना काढलेली असते, एखादी कंपल्सरी फील्ड रिकामी असते. सेव्ह फसलं आणि फ्लॅग वर राहिला तर त्यानंतर काकांनी साध्या फुलीने जरी विंडो बंद केली तरी ती न विचारता बंद होणार, आणि तेव्हा तेलही गेलं, तूपही गेलं. म्हणून सेव्ह सगळं आधी, ते सगळं यशस्वी झाल्यावर फ्लॅग, आणि फ्लॅगनंतर बंद करणं सोडून दुसरं काहीही नाही.

अजून एक, बंद करताना लूप कशावर फिरवतोय ते बघा. उघड्या विंडोंची लिस्ट आपण ठेवलेली असते, कारण पायथनमध्ये विंडोचा रेफरन्स, म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणारं नाव, कुठेतरी धरून ठेवला नाही तर गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी साफ करणारा भाग, ती उघडल्या उघडल्या गायब करतो. मग विंडो बंद झाली की ती त्या लिस्टमधून स्वतःला काढून घेते. आणि आपण त्याच लिस्टवर फॉर लूप फिरवत असलो तर एकाआड एक विंडो सुटतात, कारण पहिली निघाली की दुसरी तिच्या जागी सरकते आणि लूप पुढे गेलेला असतो. लिस्टची कॉपी काढून तिच्यावर फिरायचं, संपला विषय. विनफॉर्म्सच्या 'ओपन फॉर्म्स'वर फॉर-ईच लावून फॉर्म बंद केले की तिथे डायरेक्ट एक्सेप्शन येतं, ते बरं, निदान कळतं तरी.

आणि ज्यांनी व्हीबी ६ मध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये, दिवस काढलेत त्यांना हे सगळं तोंडपाठ असणार. १९९८ सालचं ते, त्याच्या आयडीईचा, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रामचा, सपोर्ट २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने थांबवला, पण रनटाइम (तयार प्रोग्राम चालवायला लागतं ते) अजून विंडोजमध्ये चालतं आणि आपल्याकडच्या किती दुकानांची बिलिंग त्याच्यावर चालू आहे हे जाऊन बघा एकदा. त्यात फॉर्म्स कलेक्शनवर शेवटापासून सुरुवातीकडे उलटा लूप लावून एकेक 'अनलोड' करायचा हा प्रघात होता, कारण हेच, पुढून काढत गेलं की नंबर सरकतात. एखादा फॉर्म 'हाइड' केलेला राहिला तर दिसायला सगळं बंद, आणि टास्क मॅनेजरमध्ये ईएक्सई तसाच बसलेला. याला कंटाळून बरेच जण शेवटी 'एंड' अशी एक ओळ लिहून मोकळे व्हायचे. ती ओळ म्हणजे मान पिरगाळणं, 'क्वेरी अनलोड' नाही, 'अनलोड' नाही, 'टर्मिनेट' नाही, काहीच चालत नाही, तिथल्या तिथे खलास. आज पायथनमध्ये 'ओएस अंडरस्कोर एक्झिट', म्हणजे काही न आवरता प्रोसेस तिथेच संपवणारी ओळ, मारणारे बघितले की मला तेच आठवतं.

क्यूटी ५ वरून ६ वर येणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. ५ मध्ये 'क्विट' म्हणजे इव्हेंट लूप (क्लिक वगैरेचे निरोप विंडोंना वाटत राहणारं चक्र) थांबवणं, बाकी काही नाही, कुठल्याही विंडोला क्लोज इव्हेंट जायचा नाही, म्हणजे तुमचं 'सेव्ह करायचं का' हे कधी विचारलंच जायचं नाही. ६ मध्ये 'क्विट' आधी विंडो बंद करायचा प्रयत्न करतं आणि एखादीने नकार दिला तर बाहेर पडणंच रद्द होतं. चांगला बदल आहे. पण जुन्या कोडमध्ये लोकांनी आधी 'क्लोज ऑल विंडोज' आणि लगेच खाली 'क्विट' असं लिहिलेलं असतं, ते ६ वर आणलं की 'रद्द' दाबणाऱ्याला तोच प्रश्न दोनदा येतो. ज्याला कोणालाही न विचारता निघायचंय त्याच्यासाठी 'एक्झिट' आहेच.

आता विंडोंचा विषय बाजूला, कारण खरी घाण विंडोंच्या मागे असते. 'शेवटची विंडो बंद झाली की प्रोग्राम संपव' ही सेटिंग क्यूटीत डीफॉल्ट चालू असते, त्यामुळे आपल्याला वाटतं झालं काम. संपतो तो इव्हेंट लूप. प्रोसेस संपते का हे वेगळं. आमच्या प्रोग्रामात एक थ्रेड, म्हणजे मागे समांतर चालणारं काम, एसएमएस पाठवतो, खातेदाराला 'आपल्या खात्यात इतके जमा' वगैरे. पायथनचा साधा थ्रेड असेल आणि तो डीमन (प्रोग्राम संपताना ज्याची वाट बघितली जात नाही असा) नसेल तर मेन थ्रेड संपल्यावरही इंटरप्रिटर त्याची वाट बघत थांबतो, आणि तो थ्रेड नेटवर्कच्या उत्तराची वाट बघत असतो, आणि ऑफिसचं नेट त्या दिवशी गेलेलं असतं. स्क्रीनवर काहीच नाही, प्रोसेस जिवंत. सकाळी कोणीतरी प्रोग्राम परत उघडतं आणि 'डेटाबेस इज लॉक्ड', कारण कालच्या भुताने ट्रान्झॅक्शन उघडं ठेवलंय. डीमन केला तर उलटं, प्रोग्राम संपताना तो थ्रेड आहे त्या ओळीवर मरतो, एसएमएस गेला पण 'गेला' अशी नोंद झाली नाही, दुसऱ्या दिवशी तोच एसएमएस परत. आणि क्यूटीचा क्यूथ्रेड वापरत असाल तर चालू असताना त्याचा ऑब्जेक्ट मेला की 'क्यूथ्रेड डिस्ट्रॉइड व्हाइल थ्रेड इज स्टिल रनिंग' असा मेसेज टाकून आख्खा प्रोग्राम क्रॅश होतो. काकांना फक्त जाताजाता एक एरर दिसते आणि ते म्हणतात, "जाऊ दे, बंदच करायचं होतं."

यावर जालीम उपाय नाही, सभ्य उपाय आहे. थ्रेडला सांगायचं की थांब, म्हणजे एक इव्हेंट (इथे नुसती थांबण्याची खूण) सेट करायचा जो तो दर फेरीला बघतो, नेटवर्कच्या प्रत्येक कॉलला टाइमआउट द्यायचा, आणि मग थोडा वेळ 'वेट' करायचं. हे वेट करताना विंडो आधी लपवून टाकायच्या, नाहीतर टायटल बारवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं आणि लोक पॉवरच्या बटणाकडे हात नेतात. टायमरही थांबवायचे. टीके-इंटरमध्ये (पायथनसोबत येणारी विंडोंची लायब्ररी) हा प्रकार फार होतो, 'आफ्टर' हा टायमर लावून ठेवलेला असतो, विंडो डिस्ट्रॉय होते, आणि नंतर टर्मिनलवर 'इनव्हॅलिड कमांड नेम'च्या ओळी पडतात.

एसक्यूलाइट नीट बंद करणं का महत्त्वाचं हे मात्र सविस्तर सांगतो, कारण पैशाशी गाठ आहे. डेटाबेस डब्ल्यूएएल (राइट-अहेड लॉग) मोडमध्ये असेल, आमचा आहे, तर कमिट केलेल्या, म्हणजे पक्क्या झालेल्या, नव्या नोंदी लगेच मुख्य फाईलमध्ये जात नाहीत, शेजारच्या 'डब्ल्यूएएल' शेपटीच्या फाईलमध्ये जातात आणि अधूनमधून तिथून मुख्य फाईलमध्ये ओतल्या जातात. शेवटचं कनेक्शन व्यवस्थित बंद झालं की उरलेलं सगळं ओतून ती शेजारची फाईल पुसली जाते. प्रोग्राम मध्येच मारला तर ती फाईल तशीच राहते. यात एसक्यूलाइटचा काही दोष नाही, पुढच्या वेळी उघडलं की ते सगळं नीट वाचून घेतं, कमिट केलेलं काही जात नाही. पण आपल्याकडे बॅकअप म्हणजे काय? पेन ड्राइव्ह लावायचा आणि मुख्य डीबी फाईल कॉपी-पेस्ट. शेजारची फाईल बघून लोक म्हणतात, हे काहीतरी टेंपररी दिसतंय, नको. म्हणजे त्या बॅकअपमध्ये दुपारनंतरच्या पावत्या असतील किंवा नसतील, आणि कळणार केव्हा, तर तो बॅकअप वापरायची वेळ आल्यावर. म्हणून आमच्याकडे बाहेर पडताना शेवटचं काम कनेक्शन बंद करणं, ते क्यूटीच्या 'अबाउट टू क्विट' सिग्नलवर, म्हणजे निघण्याआधीच्या निरोपावर, लावलंय, आणि बॅकअपसाठी प्रोग्राममध्येच वेगळं बटन दिलंय जे एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची सोय वापरतं. तरी कॉपी-पेस्ट करणारे करतातच.

फुली आणि 'बाहेर पडा' यांच्यापलीकडे तिसरा रस्ता आहे तो मशीनच शटडाउन करण्याचा, आणि आमच्या बऱ्याच ब्रँचमध्ये लोक नेमकं तेच करतात, प्रोग्राम बंद बिंद काही नाही, स्टार्ट, शटडाउन, पर्स उचलली, चालले. तिथे डायलॉग दाखवण्यात अर्थ नाही. विंडोज उत्तरासाठी साधारण ५ सेकंद थांबते, मग 'हा प्रोग्राम शटडाउन अडवतोय' असा स्क्रीन येतो आणि त्यावर 'तरीही बंद करा' असतंच, ते दाबायला कोणाला वेळ लागत नाही. व्हिस्टापासून आपल्याला त्या स्क्रीनवर कारण लिहायची सोय आहे, 'व्हाउचर सेव्ह होतंय' वगैरे, ती वापरावी. पण खरा उपाय म्हणजे विचारायचंच नाही. अर्धवट एन्ट्री ड्राफ्ट म्हणून एका वेगळ्या टेबलात गुपचूप टाकायची आणि पुढच्या वेळी उघडल्यावर विचारायचं, 'काल हे राहिलं होतं, चालू ठेवायचं का?' क्यूटीत यासाठी 'कमिट डेटा रिक्वेस्ट' हा सिग्नल आहे. हे एकदा केल्यावर माझ्या लक्षात आलं की मग 'सेव्ह करायचं का' हा प्रश्नच निम्म्या ठिकाणी उडवता येतो. पतसंस्थेत मात्र सगळीकडे नाही, ड्राफ्ट वेगळा आणि पोस्ट झालेलं व्हाउचर वेगळं, हे ऑडिटरला पटलं पाहिजे.

मॅकवाल्यांसाठी दोनच ओळी, तिथे शेवटची विंडो बंद झाली तरी अ‍ॅप चालूच राहणं हे नॉर्मल आहे, तिथले लोक तसंच धरून चालतात, तिथे उगाच विंडोजसारखं वागवायला जाऊ नका. इलेक्ट्रॉनच्या, म्हणजे वेबच्या कोडवर डेस्कटॉप प्रोग्राम बनवायच्या सोयीच्या, बहुतेक सॅम्पल कोडमध्ये 'विंडो ऑल क्लोज्ड' च्या आत 'डार्विन (म्हणजे मॅक) नसेल तरच क्विट' ही जी अट असते ती यासाठीच, बरेच जण न वाचता पेस्ट करतात. विंडोजवर मात्र फुली दाबल्यावर प्रोग्राम घड्याळाशेजारी ट्रेमध्ये जाऊन बसणं मला वैयक्तिकरित्या आवडत नाही. करायचंच असेल तर पहिल्या वेळी सांगा तरी की मी इथे आहे.

टेस्ट करताना मी मुद्दाम वाईट वागतो. सगळ्या विंडो उघडायच्या, प्रत्येकीत काहीतरी अर्धवट टाइप करायचं, एक मोडल डायलॉगही (जो बंद केल्याशिवाय मागच्या विंडोला हात लावता येत नाही असा) उघडा ठेवायचा, मग बाहेर पडा आणि रद्द, आणि बघायचं की सगळं जागच्या जागी आहे का, स्क्रोलसकट. मग नेटची केबल काढून परत. मग कमांड प्रॉम्प्टवरून 'टास्ककिल', आधी स्लॅश एफ न लावता, म्हणजे तो विंडोला सभ्यपणे बंद व्हायला सांगतो, आणि नंतर स्लॅश एफ लावून, म्हणजे सरळ मुस्कटदाबी, आणि दोन्ही वेळी डब्ल्यूएएल फाईल उरली का ते बघायचं. लिनक्सवर डेव्हलप करत असाल तर एक छोटी कटकट लागेल, टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबलं तरी पायसाइडचा प्रोग्राम ढिम्म हलत नाही, कारण क्यूटीचा लूप सी-प्लसप्लसमध्ये फिरत असतो आणि पायथनला सिग्नल (इथे ऑपरेटिंग सिस्टिमचा थांबण्याचा इशारा) हँडल करायची पाळीच येत नाही. नेटवर सगळे सांगतात सिग्नल डीफॉल्टवर टाका, त्याने बंद होतो पण तोडून, आपलं आवरण्याचं कोड चालत नाही. त्यापेक्षा स्वतःचा हँडलर लावून त्यात 'बाहेर पडा'चंच कोड बोलवा आणि एक रिकामा टायमर दर अर्ध्या सेकंदाला फिरत ठेवा, तेवढ्याने पायथनला श्वास घ्यायला जागा मिळते आणि कंट्रोल-सी पण यादीचा डायलॉग दाखवूनच बाहेर पडतं.